सागवान आपला, नक्षी कुणाची?

फर्स्ट इयरला सुतारकाम आपण सर्वांनीच केले आहे. केले म्हणजे काय, तर एक हाफ लॅप जॉइंट कापला, जर्नलवर सही घेतली आणि पटाशीला रामराम ठोकला! माझे स्पष्ट मत आहे की याच वर्कशॉपमध्ये लाकडावरचे कोरीव कामही शिकवले पाहिजे. "इंजिनिअरला नक्षी कशाला?" असे कोणी विचारेलच. त्याच्यासाठी उदाहरण घेऊ हाताने घडवलेल्या बंदुकीच्या दस्त्याचे.

बिहारमधील मुंगेरला परवाना घेऊन बंदुका बनवण्याची जुनी परंपरा आहे. चांगल्या बंदुकीच्या दस्त्याला अक्रोडाचे लाकूड पसंत करतात, कारण ते चिवट असते, धक्का सोसते आणि त्यावर बारीक कोरता येते. मुठीत येतो तो दस्त्याचा सर्वांत बारीक भाग. गोळी सुटताच बसणारा धक्का तिथूनच खांद्याकडे जातो. म्हणून तिथे लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनेच हवेत. तिरपे असतील तर दस्ता नेमका तिथेच चिरतो. मुठीवरची चौकटींची बारीक जाळी शोभेची वाटते, पण घामेजलेला हात घसरू नये हे तिचे खरे काम. पानाफुलांची खोल नक्षी मात्र ताण कमी असेल तिथेच. आता सांगा, हे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नाही तर काय?

अर्थात बंदूक कोणी बनवायची नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना ती बनवणे गुन्हा आहे. आपल्याला शिकायचे आहे ते लाकूड ओळखणे. त्यासाठी ब्रह्मपुरी सोडून कुठे जायला नको. तान्ह्या पोळ्याला पोरे जो लाकडी नंदी मिरवतात, त्याचे वशिंड आणि शिंगे घडवणारे हात आपल्याच भागात आहेत.

आणि लाकूड? २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले. त्याची दारे घडवली हैदराबादच्या कारखान्याने आणि त्यावर नक्षी कोरली तामिळनाडूच्या कारागिरांनी. त्यांचे कसब मोठेच आहे. पण जंगल आपले आणि कारागिरी नेहमी बाहेरची, हे किती दिवस चालायचे?

काही मित्र म्हणतात, "आता सीएनसी मशीन सगळे कोरते." कबूल. पण कुठे किती खोल कोरायचे हे मशीनला सांगणार कोण? ज्याने एकदा तरी तंतूंच्या उलट पटाशी चालवून फळी फाडली आहे, तोच ना!

म्हणून कॉलेजला विनंती, की शनिवारी दोन तास वर्कशॉप उघडे ठेवावे. उरलेले लाकडी तुकडे सरावाला पुरतील. सागात सिलिका असल्याने हत्याराची धार लवकर जाते, तेव्हा पहिला धडा धार लावण्याचाच असावा. शिकवायला गावातल्या सुतारकाकांना बोलवावे आणि त्यांना मानधन गेस्ट लेक्चररइतकेच द्यावे, रोजंदारी नव्हे. होस्टेलचे मोडके टेबल ठोकायला आपण त्यांना "ओ काका" म्हणून हाक मारतो. वर्गात त्यांना "सर" म्हणायची तयारी आहे का आपली?