‘सवलत’ म्हणू नका

आमच्या तरणतलावावर सकाळच्या महिलांच्या बॅचला एक मुलगी येते. तिचा डावा हात कोपरापर्यंतच आहे. ब्रेस्टस्ट्रोक मारताना उजव्या हाताच्या जोरानं तिचं अंग दर खेपेला डावीकडे वळतं आणि पुढच्या लाथेत ती ते पुन्हा रेषेवर आणते. लेनच्या दोरीला घासून तिच्या डाव्या खांद्यावर कायम एक लाल चट्टा असतो. परवा काठावर बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘व्यायाम म्हणून छान आहे गं, पण स्पर्धा कशाला? त्यांना नियमांत सवलतच असते म्हणे.’’ मुलीनं ऐकलं, चष्मा नीट केला, भिंतीला पाय लावले आणि पुन्हा सुटली. तिनं उत्तर दिलं नाही, म्हणून मी देते.

त्या बाईंचं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं, हे आधी कबूल करते. ब्रेस्टस्ट्रोक ही जोडीची शैली आहे. दोन्ही हात एकदम, दोन्ही पाय एकदम. वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही पंजे एकाच वेळी भिंतीला. मग जिच्याकडे जोडीच नाही तिच्यासाठी नियम वाकवलेच असणार, असं कुणालाही वाटेल.

पण नियम काय सांगतो? एक हात आखूड असेल तर भिंतीला फक्त लांब हात टेकला तरी चालतो, मात्र दोन्ही हात एकाच वेळी पुढे ताणलेले असलेच पाहिजेत. म्हणजे कोपरापर्यंतचा हातसुद्धा पंचांच्या नजरेतून सुटत नाही. पायांनी नेहमीसारखा जोर लावता येत नसेल, तर एक तर पाय ओढत न्यायचे, नाहीतर दोन्ही पायांनी एकदम लाथ मारण्याचा प्रयत्न दिसला पाहिजे. यातलं जे धरलं ते शेवटपर्यंत. दमल्यावर मध्येच बदलायची मुभा नाही. कृत्रिम हात किंवा पाय लावून पाण्यात उतरता येत नाही. नसलेल्या अवयवाकडून नियम काही मागत नाही, पण असलेल्या अवयवाचा हिशेब पुरता चुकता करून घेतो. याला मी सवलत म्हणणार नाही. पुरावा आपल्याच घरचा आहे. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव टोकियो पॅरालिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत उतरला आणि नियमभंगासाठी बाद ठरला. दोन्ही हात कोपराखाली गमावलेल्या माणसालाही पंचांनी सोडलं नाही. सोडायलाही नको होतं.

दुसरा आक्षेप गटांवर असतो. इतके गट पाडले की ज्याला त्याला पदक, असं म्हणतात. शारीरिक अपंगत्वासाठी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये एसबी १ ते एसबी ९ असे नऊ गट आहेत, इतर शैलींसाठी दहा. एकाच खेळाडूचा फ्रीस्टाइलचा आकडा आणि ब्रेस्टस्ट्रोकचा आकडा वेगळा असू शकतो. लोकांना यात लबाडी दिसते, पण खरं कारण आहे ते पाय. बाकीच्या शैलींत हात ओढून नेतात, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जोराचा मोठा वाटा लाथेचा असतो. त्यातून हातपाय बहुतेक पाण्यातूनच परत येत असल्यामुळे दर खेपेला वेग जवळजवळ मरतो आणि तो नव्यानं उभा करावा लागतो. चार शैलींत ही सगळ्यात संथ, ती याचमुळे. अंग जरासं तिरकं झालं तरी त्याची किंमत इथे लगेच मोजावी लागते.

टोकियोतली महिलांची एसबी ८ गटाची १०० मीटरची शर्यत आठवा. आयर्लंडची एलन कीन, जन्मापासून डावा हात अर्धा. न्यूझीलंडची सोफी पास्को, दोन वर्षांची असताना अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. एकीकडे हात नाही, दुसरीकडे पाय नाही. या दोघींना एकाच गटात घालणं अन्याय आहे, असं कागदावर कुणीही म्हणेल. पाण्यानं काय सांगितलं? कीन १ मिनिट १९.९३ सेकंदांत पहिली आली आणि पास्को तिच्यामागे अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरी. गट नीट पाडले आहेत हे याहून स्पष्ट कसं दिसणार? कीन २००८ साली बीजिंगला गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. सुवर्णासाठी तिला पुढची तेरा वर्षं लागली. ज्याला त्याला पदक मिळतं म्हणणाऱ्यांनी ही तेरा वर्षं मोजावीत.

तक्रार करायचीच असेल तर खरी तक्रार करा. त्याच टोकियोत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या पुरुषांसाठी एसबी २ आणि एसबी ३ अशा दोन शर्यती होत्या, बायकांसाठी एकटी एसबी ३. आकडा लहान तितकं अपंगत्व जास्त. म्हणजे ज्या बाईचं अपंगत्व अधिक तीव्र, तिनं आपल्याहून सशक्त गटात पोहायचं नाहीतर घरी बसायचं. मुली कमी येतात म्हणून शर्यत नाही, आणि शर्यत नाही म्हणून मुली येत नाहीत. हे चक्र काठावर सुरू होतं, ‘स्पर्धा कशाला’ या वाक्यापासून. मुलग्याला असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याला ‘जिद्दी’ म्हणतात. मुलीला मात्र ‘जप’ म्हणतात आणि टॉवेल पुढे करतात.

उद्या सकाळी मी त्या बाईंच्या हातात स्टॉपवॉच देणार आहे. आमचा तलाव पंचवीस मीटरचा आहे, मुलीच्या दोन फेऱ्यांची वेळ घ्यायची आहे. आणि वळताना उजवा पंजा टेकतो तेव्हा डावा हातही पुढे ताणलेला आहे का, तेही त्यांनीच वाकून पाहायचं आहे.