पाण्यात म्हैस, बाहेर मोल

गेले दोन महिने आमच्या घरी जेवणाच्या पानावर एकच विषय असतो, आणि तो म्हणजे पिकअप. माझे काका धारवाडात लहानसे बांधकाम ठेकेदार आहेत. लोकांच्या घरांचे स्लॅब टाकून देणे हे त्यांचे मुख्य काम. एक काँक्रीट मिक्सर, लोखंडी प्लेटा आणि थोडेफार टेकू, एवढेच त्यांचे भांडवल. मिक्सरला चाके आहेत पण तो स्वतः चालत नाही. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर न्यायचा म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर सांगावा लागतो, आणि पेरणीच्या नाहीतर उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरवाला देवासारखा दुर्मिळ होतो. म्हणून काकांच्या मनाने घेतले आहे की मिक्सर ओढायला आणि रोज फिरायला अशी एकच गाडी घ्यावी. टर्बो इंजिनाची, आणि कोरी नव्हे तर चौदा महिने वापरलेली.

काकांचा जमाखर्च मी लिहिते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी शाळेत झाले, पुढे काकांकडे राहून वाणिज्य शाखा घेतली. मजुरांच्या हजेरीवहीत नावे कन्नडमध्ये लिहिते आणि बेरीज मात्र मनात मराठीतच होते. तेव्हा ह्या खरेदीबद्दल बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे समजते. घरात तो कोणी मानत नाही, म्हणून तो येथे वापरते.

प्रथम गाडी पाहायला गेलो ती हकिकत. दलाल गोड माणूस होता. "होस गाडी हंग ऐत्रि सर," म्हणाला. म्हणजे अगदी नव्यासारखी. गाडी धुऊन पुसून लखलखीत ठेवलेली, आसनांवरचे प्लॅस्टिकसुद्धा काढलेले नव्हते. काकांनी बॉनेटवरून असा हात फिरवला की काकूंनी पाहिले असते तर रागावल्या असत्या. मी किंमत कशी काढली ते विचारले. दलालाने जुने बिल दाखवले आणि सांगितले, "बिलावर पंधरा टक्के कमी."

येथेच पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल सुरू होते. ते बिल सप्टेंबर २०२५ पूर्वीचे होते. त्या वेळी मालवाहू गाड्यांवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. समजा, कर सोडून गाडीची मूळ किंमत ८ लाख रुपये आहे. जुन्या दराने बिल होते १०,२४,०००. आजच्या दराने तीच कोरी गाडी ९,४४,००० ला मिळते. जुन्या बिलावर १५ टक्के कमी केले तर ८,७०,४०० होतात आणि आजच्या किमतीवर केले तर ८,०२,४००. म्हणजे ६८,००० रुपये आपण अशा कराचे देत आहोत, जो आज कोणी भरतच नाही. जुन्या वस्तूचे मोल तिच्या जुन्या बिलावरून नव्हे, आज तशीच नवी वस्तू कितीला मिळते त्यावरून काढायचे असते. घसारा शिकताना आपण मूळ किमतीवरून दरवर्षी टक्के वजा करीत जातो आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवतो, परंतु बाजार आपल्या वहीतला घसारा मानीत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. दलालाच्या ओळखीचा फायनान्सवाला म्हणाला, "फक्त आठ टक्के." काका खूष, कारण नव्या गाडीच्या कर्जाचा दर त्यांना दहाच्या आसपास सांगितला होता. पण हे आठ टक्के 'फ्लॅट' होते. ७ लाखांवर चार वर्षे सरळ आठ टक्के म्हणजे २,२४,००० व्याज, आणि महिन्याचा हप्ता १९,२५०. आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सात लाखांवर लागते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने १४ टक्के दराने हिशेब केला तर हप्ता सुमारे १९,१३० येतो. म्हणजे त्याचे आठ हे आपल्या चौदाहूनही जास्त! दहा टक्के दराने हाच हप्ता सुमारे १७,७५० झाला असता. महिन्याला दीड हजाराचा फरक म्हणजे चार वर्षांत ७२ हजार. जुनी गाडी घेऊन जे वाचवले ते येथे परत गेले. हे गणित मी काकांना विटांच्या ढिगावर बसून समजावले. ते शांतपणे ऐकत होते, पण नजर रस्त्यावरच्या पिकअपवर होती.

माझी स्वतःचीही एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीला मी काकांना कोरीच गाडी घ्या असे ठासून सांगत होते. कारण जीएसटीत नोंद असलेल्या आणि नेहमीच्या दराने कर भरणाऱ्या व्यावसायिकाला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. त्याच्या दृष्टीने ९,४४,००० ची गाडी ८ लाखांचीच. मग खाजगी माणसाकडून जुनी गाडी घेण्यात, जेथे अशी वजावट नाही, त्याला काय लाभ? वर्गात हा मुद्दा मांडला असता तर सरांनी पाठ थोपटली असती. पण काकांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे, त्यांची नोंदच नाही. वजावट कुठली? तेव्हा काकांसाठी थोडी वापरलेली गाडी हाच मार्ग बरा, हे मी मान्य केले. एकच गाडी मोठ्या ठेकेदाराला नवी स्वस्त आणि लहान ठेकेदाराला जुनी स्वस्त, ही आपल्या करपद्धतीची गंमत आहे.

आता टर्बोविषयी. आमच्या चुलतभावाच्या बोलण्यात हा शब्द मंत्रासारखा येतो. वास्तविक कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळते, म्हणून त्याच आकाराच्या इंजिनात ओढ जास्त. मिक्सर मागे बांधून चढ चढताना ही ओढ कामाची, यात शंका नाही. पण हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि केवळ तेलाच्या पातळ थरावर तरते. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदलले नसेल, किंवा ओझे ओढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याची सवय त्याला असेल, तर ते नुकसान चकचकीत बॉनेटखाली कोणाला दिसणार? ज्या मिस्त्रीला आम्ही सोबत नेले त्याने हवेची नळी काढून आत तेल आहे का ते बोटाने पाहिले, गाडी तापवून निळा धूर निघतो का पाहिला, आणि मागच्या बाजूला वाकून चासीवर हूक वेल्ड केल्याच्या खुणा शोधल्या. खुणा होत्या! म्हणजे ह्या 'नव्यासारख्या' गाडीने पूर्वी काहीतरी ओढलेले होते. दलाल म्हणाला, त्याला माहीत नाही.

दुसरी अडचण रोजच्या फिरण्याची. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती साफ व्हायला इंजिन चांगले तापून काही वेळ सलग धावावे लागते. हुबळी ते धारवाड वीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ठीक. सप्तापूरहून मालमड्डीला दोन पोती सिमेंट घेऊन जाणे आणि चहाला परत येणे, अशा फेऱ्यांनी ती गाळणी तुंबते. ओढायला जे इंजिन उत्तम, तेच गल्लीबोळांत रोज फिरवायला कुरकुरते, हे विकणारा सांगत नाही.

असो. पैशाचा आणि यंत्राचा हिशेब जुळवता येतो. माझा खरा आक्षेप 'रोज फिरायला' ह्या दोन शब्दांना आहे.

वहीत पाहिले तर मिक्सर महिन्यातून चार वेळा हलतो. ट्रॅक्टरचे भाडे आणि प्लेटा वाहणाऱ्या टेम्पोचे भाडे मिळून महिन्याला सुमारे बारा हजार जातात. हप्ता एकोणीस हजारांचा. डिझेल, विमा, दुरुस्ती वेगळी. ही तूट कशी भरणार, असे विचारल्यावर काका म्हणाले, "अगं, माणसंही त्यातूनच जातील की!" आणि वर विजय संकेश्वरांचे उदाहरण दिले. त्यांनी १९७६ मध्ये गदगला एका ट्रकवर सुरुवात केली आणि पुढे हुबळीतून एवढी मोठी वाहतूक कंपनी उभी केली, हे खरे आहे. उत्तर कर्नाटकात एक गाडी घेणारा प्रत्येक माणूस हे उदाहरण देतो. पण तो ट्रक भाड्याने धावण्यासाठी होता, धावणे हाच त्याचा धंदा. आमची गाडी दिवसभर साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी उभी राहणार.

आणि माणसे! काकांकडे पाच पुरुष आणि चार बायका कामाला आहेत. पिकअपच्या हौद्यात फावडी, घमेली, प्लेटा आणि त्यांच्यावर ही नऊ माणसे, असे दृश्य आपण रोज बायपासवर पाहतो आणि पाहून न पाहिल्यासारखे करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटात कोसळला. त्याआधी मे २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता गोळा करून परतणारे १९ जण असेच पिकअप उलटून गेले. हौद्याला ना आसन, ना पट्टा, ना छप्पर. त्यात विमा कंपनीचेही दार बंद. माल चढवणारा हमाल किंवा मालासोबतचा मालक यांची गोष्ट निराळी, परंतु मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या उतारूंची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशाराणी खटल्यात स्पष्ट केले. काही झाले तर ते देणे काकांच्या घरावर येईल. आणि ज्यांच्या नावांची हजेरी मी रोज मांडते, त्यांच्या घरी काय येईल ते मला लिहवत नाही.

शिवाय यात वाचते तरी काय? जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. चार बायकांचे भाडे मुळातच शून्य. शून्यातून बचत कशी काढायची हे मला कोणत्याही जमाखर्चाच्या पुस्तकात सापडलेले नाही. यावर काकांचे म्हणणे असे की सकाळी सात वाजता साइटपर्यंत बस जात नाही आणि स्लॅबच्या दिवशी मजूर उशिरा आले तर कालवलेले काँक्रीट वाट पाहत नाही. हे खरे आहे, आणि ह्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही.

माझे मत म्हणून एवढेच आहे की घ्यायची तर दोन ओळी आसनांची पिकअप घ्यावी, ज्यात चालकासह पाच माणसे कायद्याने आत बसतात. तिचा हौदा आखूड असतो, प्लेटांना दोन फेऱ्या होतील. होऊ देत. माणसांनाही दोन फेऱ्या कराव्यात. त्या जास्तीच्या फेऱ्यांचे डिझेल आजच हिशेबात धरावे आणि मग गाडी परवडते का ते ठरवावे. परवडत नसेल तर ट्रॅक्टरच बरा. चुलतभावाला ही सूचना पसंत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे: कोणतीही मालगाडी घेतली तरी नंबरपाटी पिवळीच येणार आणि लग्नाला पिवळ्या पाटीच्या गाडीतून कसे जायचे, ही त्याची चिंता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. परवान्याची काळजी उरलेली नाही. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, हे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. कोल्हापूरकडची गाडी स्वस्त दिसते, पण ती येथे नोंदवताना कर्नाटकाचा कर भरावा लागतो. नव्या मालगाडीचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते, म्हणजे चौदा महिन्यांच्या गाडीचे दहाच उरले. आधीच्या मालकाचे कर्ज पुस्तकावरून उतरले आहे का ते पाहावे. चौदा महिन्यांत कोणी गाडी विकतो तेव्हा बहुधा हप्त्यानेच त्याला विकायला लावलेले असते. आणि ट्रेलरही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच असल्यामुळे, आमच्या मिक्सरला आरटीओ काय म्हणते ते आधी विचारून घ्यायचे आहे.

ती वेल्डच्या खुणांची गाडी सोडून दिली. आता दुसरी, दोन ओळींची, काकांनी पाहून ठेवली आहे. किती ओढता येईल हे ठरवण्यापूर्वी मिक्सर भरतो तरी किती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, म्हणून येत्या रविवारी तो वजनकाट्यावर न्यायचा ठरले आहे. तेथवर न्यायला ट्रॅक्टर सांगितला आहे.