काटकुळे हात आणि ताणलेलं बटण

"दुष्काळी धाराशिवात चरबी आहेच कुणाच्या अंगावर?" परवा एका व्याख्यानात एक गृहस्थ असं म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सोरायसिस हा रक्तदोष, चरबीशी त्याचं नातं जोडणं हे शहरी खूळ, वांगं-तूप सोडून पुडी घेतली की चट्टे जातात, असं त्यांचं एकूण म्हणणं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा कळंबचा मावसभाऊ होता. कोपरांवर चट्टे, म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. तो उठला तेव्हा खुर्चीवर कोंड्यासारख्या खपल्या पडल्या होत्या. कुणी पाहत नाही ना, हे बघून त्याने त्या झटकल्या. हात काटकुळे, पण पोटावरचं बटण ताणलेलं. व्याख्यात्यांनी हात पाहिले, बटण पाहिलं नाही.

माझं खरं भांडण इथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या शेतकरी घरांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची; तरी आपल्या बाळांच्या पाठीवरची चरबी जवळपास त्यांच्याएवढीच भरली. दुष्काळी भागातला माणूस म्हणजे बिनचरबीचा, हे कोणत्या मापाने ठरवलं?

मधुमेहाच्या वेळीही हेच ऐकलं होतं: तो श्रीमंतांचा रोग, आपल्याकडे कुठला! आज वाडीवस्तीवर साखरेच्या गोळ्या चालू आहेत. तेव्हाच्या वक्त्यांनी आपली चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही.

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नव्हे. १९९४ साली लेप्टिन हे संप्रेरक सापडलं, ते चरबीच्याच पेशींतून येतं. पोट सुटलं की लेप्टिन वाढतं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना दाह करायला भरीला घालतं. दाह शमवणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं. टीएनएफ हा दाहक पदार्थही वाढलेल्या चरबीतून येतो, आणि सोरायसिसची काही इंजेक्शनं नेमकी त्यालाच अडवतात. एरवी महिनाभरात बदलणारी कातडी मग काही दिवसांतच खपल्या टाकू लागते. आजाराचं मूळ एकट्या चरबीत नाही, आनुवंशिकताही आहे, आणि सडसडीत माणसालाही तो होतो. पण आगीत तेल ओतणारी चरबीच.

वांग्याचा दोष कुणी सिद्ध केलेला नाही. निनावी पुडीत स्टेरॉइड असेल, तर ती एकदम सोडल्यावर आजार उसळतो. आणि सोरायसिस शिवल्याने पसरत नाही, हे तर व्याख्यात्यांनी सांगितलंच नाही.

करायचं काय? कातडीच्या डॉक्टरांचं औषध सोडायचं नाही, आणि टेपने कंबर मोजायची: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या. वजन जास्त असलेल्यांनी ते उतरवलं तर चट्टे कमी होतात, औषधही चांगलं लागू पडतं.

भावाची कंबर शिंप्याकडे मोजली, ९७ भरली. व्याख्यानाबाहेर घेतलेली पुडी अजून त्याच्या खिशात आहे. ती त्याने उघडू नये म्हणून हे लिहिलं.