अवॉर्डचा फॉर्म आणि मेसचं तेल

सेमिस्टर अर्ध्यावर आलं की आपल्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर दरवर्षी एक कागद लागतो. 'तरुण केमिकल इंजिनिअर्ससाठी पुरस्कार. विषय : सस्टेनेबिलिटी आणि इनोव्हेशन.' खाली डेडलाइन आणि आपल्या एचओडींची सही. तो कागद वाचणारे दोन प्रकारचे असतात. पहिले म्हणतात, "हे आपल्यासाठी नसतं रे, आयआयटीवाल्यांना मिळतं," आणि कँटीनकडे वळतात. दुसरे डेडलाइनच्या आदल्या रात्री एखाद्या सीनियरची फाइल मागून आणतात, नावं बदलतात आणि प्रत्येक वाक्यात 'सस्टेनेबल' घालतात, जसा मेसच्या प्रत्येक भाजीत बटाटा असतो!

मी दुसऱ्या प्रकारातली. म्हणूनच हे लिहायला बसले. (मी कॉन्व्हेंटची आहे, मराठी जरा सांभाळून घ्या.)

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी असाच एक फॉर्म भरला. प्रोजेक्ट होता हॉस्टेल मेसच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल. आयडिया काही जगावेगळी नव्हती, हे आधीच कबूल करते. तेलातले ट्रायग्लिसराइड्स आणि मिथेनॉल यांची अल्कलीच्या मदतीने साठ डिग्रीच्या आसपास रिॲक्शन करायची, वर बायोडिझेल येतं आणि खाली ग्लिसरीन बसतं. हे तर बऱ्याच कॉलेजांत होतं. पण आमच्याकडे मेसचं तेल होतं, मेसचे मामा होते आणि उत्साह होता.

फॉर्म मी लिहिला. कारण सरळ होतं, फॉर्म इंग्लिशमध्ये होता आणि ग्रुपमध्ये माझं इंग्लिश सगळ्यात बरं. तीनशे शब्दांत प्रोजेक्ट सांगायचा होता. मी एका बैठकीत लिहून काढलं, पहिल्याच ओळीत 'झिरो वेस्ट प्रोसेस' टाकलं आणि खूश होऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. दोघांनी टाळ्या वाजवल्या. तिसरा गप्प. हा आमचा पार्टनर लातूरकडच्या खेड्यातला, बारावीपर्यंत मराठी मीडियम. प्रत्यक्ष रिॲक्शन, टायट्रेशन, रात्री उशिरापर्यंत सेपरेटिंग फनेलपाशी उभं राहणं, हे सगळं बहुतेक त्यानेच केलेलं. तो म्हणाला, "सगळं छान आहे. पण ते धुतलेलं पाणी कुठं लिहिलंयस?"

मी म्हटलं, "कुठलं पाणी?"

"मी तीन वेळा बादलीनं सिंकमध्ये ओतलं ते."

त्या रात्री आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि सेकंड इयरला शिकलेला मास बॅलन्स काढायला बसलो. पेपरात तो दहा मार्कांना येतो म्हणून सगळ्यांना पाठ असतो. जे आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे, नाहीतर आत साठलं पाहिजे. स्वतःच्या प्रोजेक्टवर मात्र आम्ही तो कधी लावलाच नव्हता! पार्टनरच्या रफ वहीत सगळी वजनं होती. एका बॅचला पाच लिटर तेल, म्हणजे साधारण ४.६ किलो. मिथेनॉल १ किलो. कॉस्टिक पोटॅश ६० ग्रॅम. धुवायला तीन वेळा चार-चार लिटर पाणी, म्हणजे १२ किलो. आत गेलं जवळजवळ १७.७ किलो. बाहेर आलं बायोडिझेल चार लिटर, म्हणजे ३.५ किलो. ग्लिसरीनचा काळपट थर १.३ किलो. साबणाचं पांढरं पाणी १२.५ किलो. बेरीज १७.३.

उरलेलं चारशे ग्रॅम कुठे गेलं? थोडं काचेला चिकटलं असेल. बाकीचं मिथेनॉल, कारण आमचं बीकर उघडं होतं आणि मिथेनॉल ६४.७ डिग्रीला उकळतं. म्हणजे ते लॅबच्या हवेत गेलं आणि तिथून आमच्या नाकात. मिथेनॉल विषारी आहे हे आम्ही व्हायव्हात घडाघडा सांगतो. तेव्हापासून आमच्या फ्लास्कवर कंडेन्सर असतो. मास बॅलन्स केला नसता तर तो आजही नसता.

आता यातली गंमत बघा. अॅटम इकॉनॉमी, म्हणजे आत टाकलेल्या रिॲक्टंट्सपैकी किती वजन कामाच्या प्रॉडक्टमध्ये गेलं, ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडली. कागदावर आमच्या रिॲक्शनची अॅटम इकॉनॉमी ९० टक्क्यांच्या वर येते. फॉर्ममध्ये लिहायला मस्त आकडा! पण प्रत्यक्षात १७.७ किलो आत टाकून ३.५ किलो कामाचं मिळालं, म्हणजे २० टक्के. दोन्ही आकडे खरेच आहेत. कुठला छापायचा हे लिहिणारा ठरवतो. आणि तिथेच खरी परीक्षा असते, अवॉर्ड मिळतं की नाही ते नंतरचं.

आम्ही हे आमच्या गाइडना दाखवलं. ते म्हणाले, "डेडलाइन उद्या आहे, आता हे कशाला काढलंत? पाण्याचं पुढे कधीतरी पेपरमध्ये लिहा." त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना डिपार्टमेंटचं नाव हवं होतं, आम्हालाही हवं होतं. त्या रात्री ग्रुपमध्ये मोठं भांडण झालं. एक जण म्हणाला, "बाकीचे काय सगळं खरं लिहितात का? आपणच का हरिश्चंद्र व्हायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून सांगते.

ज्या एंट्रीज खरोखर गाजल्या त्या हिशोबावरच गाजल्या. अमेरिकेत १९९६ पासून प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज अवॉर्ड्स दिली गेली. १९९७ साली त्यातलं एक बीएचसी कंपनीला मिळालं, कशासाठी? आयबुप्रोफेनसाठी! म्हणजे आपण परीक्षेच्या आधी डोकं दुखलं की जी गोळी घेतो त्यातलं औषध. जुन्या पद्धतीत सहा स्टेप्स होत्या आणि आत टाकलेल्या अणूंपैकी सुमारे ४० टक्केच औषधात जायचे. नव्या पद्धतीत तीन स्टेप्स आणि सुमारे ७७ टक्के. त्यातून बाहेर पडणारं अॅसिटिक अॅसिड परत मिळवलं तर ९९ टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, 'आमची प्रोसेस पर्यावरणपूरक आहे' एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. आधी किती वाया जात होतं, आता किती जातं आणि उरलेल्याचं काय होतं हे त्यांनी मांडलं. वाया जाणाऱ्याचा आकडाच त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा होता.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली ई-फॅक्टर मांडला तोही असाच. एक किलो प्रॉडक्टमागे किती किलो कचरा? पेट्रोल-डिझेल बनवणाऱ्या रिफायनरीत ०.१ किलोच्या आसपास, औषधांत २५ ते १०० किलो. आपण ज्याला घाणेरडी इंडस्ट्री म्हणतो आणि ज्याला स्वच्छ म्हणतो, ते किलोच्या हिशोबात उलटंच निघालं. मोजल्याशिवाय कळलं असतं का?

आम्ही शेवटी फॉर्म बदलला. 'झिरो वेस्ट' काढलं. एक लिटर बायोडिझेलमागे तीन लिटर साबणाचं पाणी निघतं हे लिहिलं आणि त्यावर काय करणार तेही लिहिलं. निकाल? पहिल्याच फेरीत बाहेर. सिनेमात शेवटी प्रामाणिक माणसाला बक्षीस मिळतं, आम्हाला साधं उत्तरही आलं नाही. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण एक गोष्ट त्या फॉर्ममुळेच झाली. तेल मोजायचं म्हणून आम्ही मामांना रोज विचारू लागलो, "मामा, आज किती तेल उरलं?" काही दिवसांनी मामा म्हणाले, "ताई, तुम्हाला जे तेल देतो ते शेवटचं. त्याआधी ते पुऱ्यांना चालतं, मग भज्यांना, मग फोडणीला." आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. रविवारच्या पुऱ्या आम्हीच तर खातो! तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातले पोलर कंपाउंड्स वाढतात. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी 'रुको' हा उपक्रमही सुरू झाला. आम्ही वर्षभर टाकाऊ तेलाचं काय करायचं यावर डोकं लावत होतो आणि ते टाकाऊ कधी होतं हा प्रश्नच विचारला नव्हता. मेस कमिटीत हा विषय आम्ही मांडला. आता तळणीचं तेल फोडणीला वापरत नाहीत, वेगळ्या डब्यात जमा होतं. अवॉर्ड नाही मिळालं, पण पुऱ्या सुधारल्या!

आता दुसरा मास बॅलन्स, माणसांचा. पहिल्या ड्राफ्टमध्ये टीम लीडर म्हणून माझं नाव होतं आणि पार्टनरचं तिसरं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. फॉर्म मी टाइप करत होते, त्यामुळे बोटं आपोआप माझ्या नावाकडे गेली. मामांचं नाव तर कुठेच नव्हतं. पाणी जसं सिंकमध्ये गेलं तशी त्यांची मेहनत गेली, आणि माझ्या इंग्लिशमुळे कोणाला ते दिसलंही नसतं. आपल्याकडे हे सर्रास होतं. ज्याचं इंग्लिश चांगलं तो फॉर्म लिहितो, जो फॉर्म लिहितो तो प्रेझेंटेशन देतो आणि जो प्रेझेंटेशन देतो त्याचाच प्रोजेक्ट होतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा मला फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पण इंग्लिश येणं म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग येणं नव्हे. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या म्युनिसिपल शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि १९९८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढे त्यांनी आईच्या नावाने अंजनी माशेलकर इन्क्लुझिव्ह इनोव्हेशन अवॉर्ड सुरू केलं, २०११ साली. सामान्य माणसाला परवडेल अशा नव्या गोष्टींसाठी. तेव्हा 'हे आपल्यासाठी नसतं' म्हणत कँटीनकडे वळणाऱ्यांनी जरा थांबावं. आपल्यातल्या कित्येकांच्या गावात, शेतात, घरच्या छोट्या धंद्यात असे प्रश्न आहेत जे शहरातल्या लॅबमध्ये बसून सुचणारही नाहीत.

मला वाटतं, आपल्या डिपार्टमेंटने तीन साध्या गोष्टी कराव्यात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक एंट्रीसोबत एक पानाचा मास बॅलन्स हवाच. पाणी, वीज, धुणं, सांडणं सगळं धरून. तो नसेल तर गाइडनी सही करू नये. दुसरं, पहिला ड्राफ्ट ज्याने काम केलं त्याने लिहावा, त्याला येईल त्या भाषेत. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, इंग्लिश नंतर आम्ही करून देऊ. कोणी काय केलं याची यादीही त्यातच असावी, मेसचे मामा आणि लॅब असिस्टंट धरून. आणि तिसरं, हरलेल्या एंट्रीजची फाइल लायब्ररीत ठेवा. जिंकलेल्यांचे फोटो कॉरिडॉरमध्ये आहेतच, पण पुढच्या बॅचला खरं शिकायला मिळेल ते हरलेल्यांकडून. आमची फाइल मी स्वतः आणून देते, २० टक्क्यांसकट.

काही जण म्हणतील, एवढं सगळं करायचं तर अभ्यास कधी करायचा? अहो, हाच तर अभ्यास आहे! उद्या आपल्यातले बरेच जण कुठल्यातरी एमआयडीसीत शिफ्टला उभे असतील. तिथे सिंकच्या जागी नाला असेल आणि बारा लिटरच्या जागी रोजचे कित्येक हजार लिटर. तिथेही कोणीतरी म्हणेल, "पाण्याचं नंतर लिहू." तेव्हा काय करायचं याची सवय इथे, या लहानशा फॉर्मवर लागली तर लागली.

सध्या आम्ही धुण्यासाठी पाण्याऐवजी वर्कशॉपच्या कारपेंटरी सेक्शनमधला लाकडाचा भुसा वापरून बघतोय. बायोडिझेल त्यातून गाळलं की साबण बराच भुशात अडकतो. पूर्ण यश नाही, आणि वापरलेल्या भुशाचं काय करायचं हा नवा प्रश्न आहेच. पण या वेळी तो वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे.

नोटीस पुन्हा लागली आहे. या वर्षी आम्ही परत फॉर्म भरतोय. पार्टनरने पहिला ड्राफ्ट मराठीत लिहून दिलाय, पावणेतीन पानं, आणि त्याचं नाव पहिलं आहे. मी फक्त ट्रान्सलेशन करतेय. तीनशे शब्दांत कसं बसवायचं या टेन्शनमध्ये आहे. तुम्हीही भरा. आणि भरण्याआधी लॅबमधला वजनकाटा रिकामा मिळाला नाही, तर समजा आम्ही तिथे आहोत. या, जागा करून देऊ.