मंगोलियाचे पहिले लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष

मंगोलिया म्हटले म्हणजे आमच्याकडील सुशिक्षितांसही चंगीझखानापलीकडे फारसे काही आठवत नाही. परंतु त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष पुन्सालमागीन ओचिरबात यांची राजकीय कारकीर्द आमच्या वाचकांनी अवश्य अवलोकन करावी अशी आहे.

ओचिरबात हे काही क्रांतिकारक नव्हते. लेनिनग्राडास खाणविद्या शिकून आलेले, सत्ताधारी पक्षात वाढलेले व मंत्रिपदे भूषविलेले असे ते गृहस्थ होते. १९८९ च्या डिसेंबरात उलानबातर येथे तरुणांनी चळवळ उभारली. पुढील मार्चात सुखबातर चौकात उपोषण आरंभिले. तेव्हाचे पक्षप्रमुख बातमुंख यांनी लोकांवर शस्त्र न धरता सहकाऱ्यांसह राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात ओचिरबात राज्याच्या प्रमुखपदी आले. सप्टेंबरात विधिमंडळाने त्यांस राष्ट्राध्यक्ष निवडले. येथवर जे मिळाले ते पक्षाच्याच पुण्याईने मिळाले, हे कबूल केले पाहिजे.

खरी कसोटी १९९३ साली लागली. नव्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार आता थेट प्रजेकडे आला होता. जुन्या पक्षाने ओचिरबातांस डावलून आपल्या ‘उनेन’ या मुखपत्राचे संपादक तुदेव यांस उभे केले. (‘उनेन’ म्हणजे सत्य! पत्राचे नाव सत्य ठेवल्याने मते मिळतातच असे नाही, हे आम्हां वर्तमानपत्रवाल्यांनीही ध्यानी धरावे.) तेव्हा विरोधी पक्षांनी ओचिरबातांस उमेदवारी दिली, आणि ते सुमारे ५८ टक्के मते घेऊन निवडून आले. यास कित्येक पक्षद्रोह म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यास पक्षाने नाकारले, त्याने आपला दावा मतदारांपुढे मांडला, यात द्रोह तो कोणता? गुप्त बैठकीत कारस्थान करून खुर्ची राखली असती तर बोल लावण्यास जागा होती.

तथापि त्यांच्या काळात प्रजा सुखी होती असे म्हणणे सत्यास सोडून होईल. सोव्हिएत साहाय्य एकाएकी आटले. अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळू लागले. १९९२ साली महागाईचा दर तीनशे टक्क्यांच्या वर गेला. ज्या व्यापाऱ्याचा सगळा माल वर्षानुवर्षे एकाच गिऱ्हाइकाकडे जात असतो, ते गिऱ्हाईक बुडाले म्हणजे त्याची जी गत होते, तीच त्या राष्ट्राची झाली. याचा दोष एकट्या ओचिरबातांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. परंतु ज्याच्या घरात पीठ नाही त्याने घटनेतील कलमांवर समाधान मानावे असा उपदेश करणेही आम्हांस साधत नाही. १९९६ साली लोकशाहीवादी आघाडीचे मंत्रिमंडळ आले, त्याने सुधारणांचा वेग आणखी वाढविला, आणि सामान्य जनांचा रोष १९९७ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांस भोवला. जुन्या पक्षाचे बागाबांदी यांस सुमारे ६१ टक्के मते पडली, ओचिरबातांस जेमतेम ३०.

त्यांनी निकाल मान्य केला. ज्या पक्षाने त्यांस चार वर्षांपूर्वी दूर लोटले होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराच्या हाती त्यांनी अधिकार सोपविला. ना सैन्य बाहेर पडले, ना कोणी तुरुंगात गेले. पुढे संविधान न्यायालयाचे एक सदस्य म्हणून, ज्या घटनेखाली ते निवडून आले व पडलेही, तिच्याच अर्थनिर्णयाचे काम त्यांनी केले.