सुईपाशी किती मागावे?

दिवाळीपूर्वी माळा आवरणे ही आमच्या घरातली वडिलोपार्जित शिक्षा आहे. तीन वर्षांपूर्वी ती भोगताना अभ्यंगस्नानाचे पितळी घंगाळ मी एकट्याने खाली घेतले आणि कमरेत उसण भरली. शेक झाला, आंबेहळदीचा लेप झाला, शेजारच्या पायाळू गृहस्थांनी संकोचत का होईना, पण कमरेला पाय लावला. आठवड्याने कळ कमरेतून निघाली आणि डाव्या मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत उतरली. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. सहा आठवडे औषधे घेऊनही रात्री बसून काढाव्या लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी पाठीतले इंजेक्शन सुचवले. त्या दिवशी आमच्या घरात दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष थोरल्या बहिणीचा. "अरे, पाठीच्या कण्यात सुई घेतोस? जन्माचे अंथरूण धरशील!" दुसरा तिच्याच चिरंजिवांचा. "मामा, एक सुई घ्या आणि मोकळे व्हा. जाहिरात पाहिली नाही का?" माझे भांडण या दोघांशीही आहे, परंतु भाच्याच्या पक्षाशी अधिक आहे. बहिणीजवळ नुसती भीती होती. भाच्याजवळ रंगीत पत्रक होते.

आधी बहिणीचे पाहू. ही सुई मज्जारज्जूत खुपसत नाहीत. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी पोकळी असते, तिच्यात दबलेल्या नसेजवळ बधिर करणारे औषध आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड सोडतात. ही वाट जुनी आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघा डॉक्टरांनी कण्याच्या तळाकडून तेथे कोकेन सोडले होते. स्टेरॉइडची भर पडली ती १९५० नंतर. बहिणीचा दुसरा मुद्दा बाळंतपणातल्या सुईचा. त्या सुईने जन्माची कंबरदुखी लागते, असे घरोघरी सांगतात. प्रसूतिवेदना थांबवण्यासाठी पाठीत दिलेल्या औषधाचे अभ्यास झाले आहेत, आणि त्यांत असे काही आढळलेले नाही.

मी सुई घेतली. पोटाखाली उशी देऊन मला पालथे झोपवले, कातडी बधिर केली. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई पुढे नेली, थोडे रंगद्रव्य सोडून जागा पक्की केली आणि मग औषध दिले. औषध शिरताना पायातली ती ओळखीची कळ क्षणभर जिवंत झाली. सारे वीस मिनिटांत आटोपले. संध्याकाळपर्यंत पाय जड होता, म्हणून घरी आणायला माणूस हवेच होते.

खरी परीक्षा पुढे झाली. पहिल्या संध्याकाळी मी जवळजवळ नाचलो. दुसऱ्या दिवशी कळ परत आली, ती थोडी चढूनच, आणि बहिणीने विजयी मुद्रेने चहा पुढे केला. हे असे होऊ शकते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. बधिर करणारे औषध काही तासांत उतरते. स्टेरॉइडचा गुण यायला दोन दिवसांपासून आठवडाही लागतो. मधले दिवस उपाशीच जायचे. चौथ्या रात्री मी आडवा होऊन झोपलो. दोन महिने बरे गेले, त्या काळात चालणे आणि व्यायाम सुरू केला, आणि नंतर कळ फारशी फिरकली नाही. सुईनेच बरा झालो, असे मी शपथेवर म्हणणार नाही. सरकलेली गादी पुष्कळदा शरीर आपणच आकसवून टाकते. सुईने मला उसनवार वेळ दिला. रात्र रात्र जागणाऱ्याला तोही थोडा नसतो.

आता भाच्याचा पक्ष. गेल्या वर्षी माझी नुसती कमर दुखू लागली. पायात कळ नव्हती. या खेपेस मी पत्रकवाल्यांकडे गेलो. नाव नको. एम. आर. आय. मध्ये दोन गाद्या फुगलेल्या दिसल्या आणि लगेच तीन सुयांचा सवलतीचा दर निघाला. साड्यांवरची दिवाळीची सूट ठाऊक होती, कण्यावरची तेव्हा कळली! पहिल्या सुईने कमरेला काही झाले नाही. मधुमेह असल्यामुळे साखर मात्र आठवडाभर चढली. उरलेल्या दोन मी नाकारल्या.

मग वाचू लागलो. काहीही न दुखणाऱ्या ३११० माणसांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांत विशीतल्या शंभरांपैकी ३० जणांची आणि ऐंशीतल्या शंभरांपैकी ८४ जणांची गादी फुगलेली होती. म्हणजे फुगलेली गादी बरीचशी पिकल्या केसांसारखी. ती दिसली म्हणून तीच दुखते असे नव्हे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनाने २०१६ सालीच सांगितले की, साध्या कंबरदुखीला ही इंजेक्शने देऊ नयेत; पायात उतरलेली तीव्र, ताजी कळ असेल तर विचार करावा. अशा कळेवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा २०२० साली निघाला. शंभर गुणांच्या मापावर वेदना लटक्या सुईपेक्षा सरासरी पाचच गुणांनी कमी झाली होती, आणि तीही थोड्या काळापुरती. २०२५ साली एका आंतरराष्ट्रीय मंडळाने तर तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला अशा सुया नकोत, असा जोरदार सल्ला दिला. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. योग्य रोगी निवडला तर गुण येतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य आहे. पण मग तीन सुयांचा ठोक भाव लावणारा रोगी निवडतो कधी?

धोके क्वचितच घडतात, पण ते सांगायला हवेत. २०१२ साली अमेरिकेत बुरशी मिसळलेल्या स्टेरॉइडने साठांहून अधिक माणसे दगावली. २०१४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अंधत्व, पक्षाघात आणि मृत्यू अशा विरळ घटनांचा इशारा दिला. मानेपाशी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून मानेच्या सुईला होकार देण्यापूर्वी दोनदा विचारावे.

तेव्हा वाचकहो, सुई घ्या किंवा घेऊ नका, पण आधी विचारा. ही सुई कमरेसाठी की पायात, हातात उतरलेल्या कळेसाठी? गुण आला तर किती दिवस टिकेल, आणि त्या दिवसांत मी काय करायचे? नाही आला तर पुढे काय? मधुमेह, ताप आणि रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती न विचारता द्या. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर सुई आधी असो वा नंतर, त्याच रात्री इस्पितळ गाठा. सुईनंतर ताप आला किंवा डोके असह्य दुखू लागले, तरी डॉक्टरांना लगेच कळवा.

जो डॉक्टर म्हणेल, "कदाचित, काही आठवडे, तेही पायाच्या कळेपुरते," त्याच्या हाती मी पुन्हा पाठ देईन. जो हमी देईल, त्याला नमस्कार करून उठेन.

यंदा घंगाळ भाच्याने उतरवले. मी खाली उभा राहून "गुडघ्यात वाक, कमरेत नको," असे सांगत होतो. त्याने ऐकले नाही. त्याची आई आता आंबेहळद उगाळते आहे, आणि ते रंगीत पत्रक घरात कुणाला सापडत नाही.