सभागृहे परतली, प्रश्नाचे काय?

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि दीर्घकाळ ओस पडलेली सभागृहे पुन्हा भरण्याचा मार्ग मोकळा झाला. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर या शहरांत तर २०२० पासूनच लोकनियुक्त सभागृह नव्हते. त्या वर्षी या शहरांतील पालिकेच्या शाळेत पहिलीत दाखल झालेले मूल सहावीत गेले, तरी त्याच्या शाळेसंबंधी जाब विचारणारा एकही निवडून आलेला माणूस पालिकेत नव्हता. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पार पडली पाहिजे, असा दंडक चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घालून दिला आहे. ही दुरुस्ती जून १९९३ पासून अमलात आहे. तथापि अन्य मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल, मुंबईतील सदस्यसंख्या २२७ वरून २३६ करणे आणि ती पुन्हा २२७ वर आणणे, आणि या साऱ्यावरील न्यायालयीन खटले यांच्या गर्दीत तो दंडक बाजूला पडला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही मुदत ठरवून दिली, तेव्हा कोठे मतपेट्या हलल्या.

या प्रशासकीय राजवटीच्या काळात मध्यमवर्गीय घरांतून आणि कचेऱ्यांतून एक उद्गार वारंवार ऐकू येत असे. नगरसेवक नव्हते म्हणून काय अडले? नळाला पाणी येत होते, घंटागाडी येत होती, पगार होत होते, रस्ते खणले जात होते आणि बुजविलेही जात होते. उलट टक्केवारीची कुरबुर कमी झाली, असेही सांगितले जाई. हा उद्गार लोकशाहीविरोधी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण ते बरोबर होणार नाही. नागरिकांच्या मोठ्या वर्गाला आपल्या प्रतिनिधींची अनुपस्थिती जाणवू नये, ही नागरिकांइतकीच त्या प्रतिनिधींच्या कारभारावरचीही टीका आहे. म्हणून सभागृहे परतल्याचा आनंद व्यक्त करण्यापूर्वी या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले गेले पाहिजे.

काय अडले, याचे पहिले उत्तर अंदाजपत्रकात सापडते. मुंबई महानगरपालिकेचे २०२२-२३ चे अंदाजपत्रक सुमारे ४५,९४९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींवर गेले. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी हे अंदाजपत्रक पालिकेच्या अधिकाऱ्यांनी तयार केले, अधिकाऱ्यांनीच सादर केले आणि प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच ते स्वीकारले. सादर करणारा आणि मंजुरी देणारा यांच्यामध्ये टेबलाइतकेही अंतर उरले नव्हते. अधिकारी कार्यक्षम होते की नव्हते, हा येथे मुद्दाच नाही. अत्यंत प्रामाणिक आणि कर्तबगार अधिकाऱ्यालाही स्वतःच्या टिपणावर स्वतःच हरकत घेता येत नाही. एखाद्या विभागाला कमी का आणि दुसऱ्याला अधिक का, एवढा साधा प्रश्न विचारण्याचे अधिकृत ठिकाणच तीन वर्षे अस्तित्वात नव्हते. रस्ते झाले असतील. प्रश्न मात्र झाला नाही.

स्थानिक स्वराज्याचा हेतू काय, याविषयीचा गोंधळ नवा नाही. १८ मे १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध ठरावात लॉर्ड रिपन यांनी कबूल केले होते की, ही योजना मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून पुढे केलेली नाही. लोकांना सार्वजनिक व्यवहाराचे शिक्षण मिळावे, हा तिचा खरा उद्देश आहे. प्रारंभी चुका होतील हेही त्यात गृहीत धरलेले होते. कारभारच उत्तम हवा असता तर साम्राज्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची वाण नव्हती. ज्या पिढीने पुढे देशाचा कारभार हाती घेतला तिचे धडे याच शाळेत झाले. चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर होते, वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरूंनी अलाहाबादची नगरपालिका सांभाळली होती. गटारे आणि दिवाबत्ती यांच्या चर्चेतून राज्यकारभाराची जाण येते, हे त्यांच्या चरित्रांवरून दिसते.

महाराष्ट्रात याहून जुने आणि अधिक बोलके उदाहरण आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे म्हणून जोतीरावांनी विरोध केला. सरकारनियुक्त ३२ सभासदांपैकी विरोधात मत देणारे ते एकटेच होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. मग त्या एका मताने काय साधले? एवढेच साधले की शहराचा पैसा कोणासाठी, हा प्रश्न पालिकेच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तो वाचता येतो. ज्या ठिकाणी असे मत नोंदविण्याची सोय असते त्या ठिकाणाला सभागृह म्हणतात. ते नसेल तर खर्च होतो, हिशेबही होतो. पण विरोधाची नोंद उरत नाही.

तरीही मूळ उद्गाराचे समाधान होत नाही. कारण सभागृह अस्तित्वात असतानाही असे प्रश्न किती विचारले जात होते, ही शंका रास्त आहे. पालिकेच्या कामकाजाशी थोडासाही परिचय असलेल्या माणसाला ‘आयत्या वेळचे विषय’ हे प्रकरण ठाऊक असते. मूळ विषयपत्रिकेत नसलेले, टिपण हाती न पडलेले विषय सभेच्या शेवटी घाईघाईने वाचले जातात आणि एकमताने मंजूर होतात. श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची प्रथा शोकापेक्षा सोयीचीच अधिक ठरली आहे. ज्या ठरावांवर हजारो कुटुंबांचे बरेवाईट अवलंबून असते ते चर्चेविना संमत होतात आणि एखाद्या चौकाच्या नामकरणावर मात्र तासन्‌तास घमासान होते. सभागृहाने स्वतःच मौन पत्करले होते. प्रशासकाने ते मौन केवळ अधिकृत केले.

याला व्यक्तींपेक्षा रचना अधिक जबाबदार आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताच्या हाती दिले आणि पुढे राज्यातील इतर महापालिकांच्या कायद्यानेही तोच साचा स्वीकारला. महापौर हे शहराचे प्रथम नागरिक खरे, पण अंमलबजावणीचा अधिकार त्यांच्याकडे नाही. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे महापौर परिषदेचा प्रयोग झाला आणि वर्षभरातच तो गुंडाळला गेला. त्यात बहुसदस्यीय प्रभागांची भर पडली. मुंबईचा अपवाद वगळता २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. आणि २०२६ च्या निवडणुकीतही सर्वसाधारणपणे चार सदस्यांचाच होता. चार नगरसेवक असलेल्या मतदाराने तुंबलेल्या गटारासाठी कोणाचे दार ठोठवायचे? चौघांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

घटनादुरुस्तीने यावर एक उपाय सुचविला होता. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात. पण ‘एक किंवा अधिक प्रभागांची मिळून’ अशी सवलत त्या तरतुदीत राहिली आणि महाराष्ट्राने तिचा सढळ हाताने लाभ घेतला. केरळ व पश्चिम बंगाल यांनी मोठ्या शहरांत प्रत्येक प्रभागाला स्वतंत्र समिती दिली. येथे अनेक प्रभागांची मोट बांधून एकेक समिती झाली. मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार लोक येतात आणि ज्या २४ प्रशासकीय विभागांवर या शहराचा कारभार दीर्घकाळ चालला त्यांतील एकेकाची सरासरी लोकसंख्या पाच लाखांवर जाते. एवढ्या लोकसंख्येची समिती ही शेजाऱ्यांची बैठक नव्हे. ते दुसरे सभागृहच होय.

ही उणीव ओळखून २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद करण्यात आली. मतदान केंद्रांच्या हद्दीवरून ठरविलेल्या लहान क्षेत्रातील सर्व मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या गरजांचा क्रम लावावा आणि तो प्रभाग समितीकडे पाठवावा, अशी ही कल्पना. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून निधी मिळविण्यासाठी ही अट पूर्ण करणे आवश्यक होते. अट कागदावर पूर्ण झाली. सभा बहुतेक शहरांत भरलीच नाही. खेड्यातील मतदाराला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. ग्रामसभा अनेकदा गोंधळाच्या वा कोरमाअभावी निष्फळ ठरतात हे मान्य केले तरी तो हक्क त्याच्याजवळ असतो. तोच माणूस नोकरीनिमित्त शहरात आला की त्याला नळ मिळतो, दिवा मिळतो, रुग्णालय जवळ येते. पण ती सभा मात्र वेशीवरच राहते. पदवी, नोकरी आणि वर्तमानपत्र हाती असलेला शहरवासी स्थानिक कारभारात खेडुतापेक्षा कमी अधिकारांचा नागरिक ठरावा, ही विसंगती फारशी कोणाला टोचत नाही.

अशा सभेने काय होईल, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट व्हावे. पटसंख्या घटल्यामुळे पालिकेची एक शाळा बंद करून ती जवळच्या शाळेत विलीन करावयाची आहे. फायलीत मुलांची संख्या आहे, शिक्षकांची संख्या आहे, इमारतीचा दुरुस्तीखर्च आहे आणि दोन शाळांमधील अंतर आहे. या चारही गोष्टी अचूक आहेत आणि त्यांवरून निघालेला निर्णयही तर्कशुद्ध आहे. पण दोन शाळांच्या मध्ये वाहता महामार्ग आहे, मुलांच्या आया सकाळी सातला धुण्याभांड्याच्या कामावर निघतात आणि रस्ता ओलांडून देणारे घरात कोणी नसते, ही गोष्ट फायलीत नाही. ती सांगण्यासाठी त्या वस्तीतील एका बाईने उभे राहून दोन वाक्ये बोलणे पुरेसे आहे. कदाचित शाळा तरीही बंद होईल. परंतु मग मुलांसाठी वाहनाची सोय करावी लागेल किंवा महामार्गावर माणूस नेमावा लागेल. ती बाई बोलली नाही तर पुढच्या वर्षी काही मुलींची नावे पटावरून नाहीशी होतील आणि कोणत्याही अहवालात त्याचे कारण सापडणार नाही. निर्णय चुकतात ते बहुधा दुष्टपणामुळे नव्हे, तर माहिती असलेल्या माणसाला कोणी विचारले नाही म्हणून.

नागरिकांना वेळ नसतो, सभांना येतात ते रिकामटेकडे, आणि मोठ्या सोसायट्यांचे सुशिक्षित लोक झोपडवासीयांचा आवाज दडपून टाकतात, हे आक्षेप निराधार नाहीत. शेवटचा आक्षेप तर गंभीर आहे. तथापि त्यावरील उपाय सभा लहान क्षेत्राची ठेवणे, ती त्या त्या वस्तीतच आणि कामावरून परतण्याच्या वेळेनंतर भरविणे हा आहे. सभाच न घेणे हा नव्हे. वेळ नसण्याचा आक्षेप तर मुंबईच्या विकास आराखड्याने कधीच खोडून काढला आहे. २०१५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यावर हजारोंच्या संख्येने हरकती व सूचना आल्या. नकाशातील ढोबळ चुका सामान्य रहिवाशांनीच दाखवून दिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन नव्याने तयार करण्याची पाळी आली आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये अमलात आला. आपल्या गल्लीचा नकाशा समोर आला की माणूस वेळ काढतो. त्याला नकाशाच दाखविला नाही तर त्याच्या उदासीनतेबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

नव्या सभागृहांकडून फार मोठ्या क्रांतीची अपेक्षा करण्याचे कारण नाही. नवा कायदाही नको; आहे तो पाळला तरी पुरे. क्षेत्रांच्या हद्दी आखून क्षेत्रसभा भरवाव्यात. बहुसदस्यीय प्रभागात कोणता नगरसेवक कोणत्या क्षेत्राला उत्तरदायी, हे नावानिशी जाहीर करावे. विषयपत्रिका आणि टिपणे सभेपूर्वी पुरेसे दिवस प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावीत, आणि आयत्या वेळच्या विषयांना खरोखरीची आपत्ती सोडून अन्य वेळी थारा देऊ नये. यांतील एकाही गोष्टीला कोट्यवधींचा खर्च नाही. खर्च आहे तो फक्त संकोचाचा. मते मागताना ज्यांच्या दारी गेले त्यांच्यासमोर हिशेब घेऊन पुन्हा उभे राहण्याचा.

हा संकोच नगरसेवकांनी सोडला नाही आणि नागरिकांनीही त्यांना सोडू दिला नाही, तर काही वर्षांनी मुदत संपेल, पुन्हा एखादा खटला उभा राहील, पुन्हा एखादा प्रशासक खुर्चीत बसेल, आणि पुन्हा कोणीतरी विचारील की नगरसेवक नव्हते म्हणून काय अडले. त्या वेळी महामार्ग ओलांडू न शकलेल्या मुलींच्या आयांना उत्तर ठाऊक असेल. पण ते सांगण्यासाठी त्यांना जागा मिळालेली नसेल.